वनभोजन आणि न मळलेला पाव

मार्गशीर्ष लागला कीं महाड-पोलादपुराकडील डोंगरांत तरुण मुलामुलींच्या टोळ्या दिसूं लागतात. कोणी रायगडाची वाट धरतात, कोणी वरंध घाटाच्या बाजूस शिवथरघळीकडे वळतात, कोणी पोलादपुराहून आंबेनळी घाटानें प्रतापगड गांठतात. आणि एखादी रात्र उघड्यावर काढून घरीं परततात. हा छंद चांगला आहे. शरीरास व्यायाम, मनास इतिहासाची ओळख आणि आयत्या ताटावर बसण्याची संवय मोडण्याची संधि, असे तिन्ही लाभ एका फेरींत होतात. पण ह्या मंडळींच्या पाठीवरील पिशव्या उघडून पाहाव्या, तर शिदोरीच्या जागीं शहरांतून आणलेला कापीव पाव, बिस्किटें आणि चकचकीत पुड्यांतील खाऊ एवढेंच निघतें. दुसऱ्या दिवशीं पाव सुकतो, पुड्या डोंगरावर पडतात आणि भूक होती तेथेंच राहते.

म्हणून या महिन्यांत, मुक्कामाच्या जागीं निखाऱ्यांच्या आंचेवर ताजा पाव कसा भाजावा, हें सांगण्याचें योजिलें आहे. ह्या पावास भट्टी लागत नाहीं, पोळपाट लागत नाहीं, आणि मुख्य गोष्ट ही कीं तो मळावा लागत नाहीं. ज्या मुलानें जन्मांत कणकेस हात लावला नाहीं त्यालाहि तो साधतो. मात्र पावाचा विषय निघाला म्हणजे आपल्या घरांतून दुसरा एक जुना विषय आपोआप निघतो. तोहि टाळून चालणार नाहीं. पण आधीं पाव.

पीठ मळतात तें कशासाठीं? घरांतील स्त्रिया हें काम रोज करतात, पण त्यामागील कारण शाळेंत क्वचितच सांगितलें जातें. गव्हाच्या पिठांत मुख्यतः दोन जातींचीं प्रथिनें असतात. पाणी मिळतांच तीं फुगून एकमेकांस बिलगतात आणि त्यांचें एक चिवट, ताणलें जाणारें जाळें तयार होतें. त्यास ग्लूटेन म्हणतात. ह्याची प्रचीति घ्यावयाची असेल तर कणकेचा लिंबाएवढा गोळा पाण्याच्या बारीक धारेखालीं चोळीत राहावें. पांढरें सत्त्व धुऊन जातें आणि हातांत रबरासारखा एक लहान गोळा उरतो. तेंच तें जाळें. मळण्यानें हें जाळें लवकर व नीट विणलें जातें. मग किण्वानें, म्हणजे बाजारांत यीस्ट म्हणून जें मिळतें त्यानें, सोडलेला वायु त्या जाळ्यांत कोंडला जातो आणि पाव फुगतो.

परंतु विणण्याचें हें काम केवळ मनगटच करूं शकतें असें नाहीं. पीठ सैल भिजवून पुष्कळ वेळ स्वस्थ ठेवलें, तर प्रथिनांचे धागे त्या ओलाव्यांत मोकळेपणीं सरकतात व एकमेकांस धरतात. वायूचे बुडबुडे वाढतां वाढतां त्यांना आंतून ताणीत राहतात. दहा मिनिटांच्या मळण्यानें जें होतें तें बारा ते अठरा तासांत न मळतां होतें. न्यूयॉर्क येथील जिम लेही नांवाच्या पाव भाजणाऱ्या गृहस्थानें ही रीत मोठ्या कौशल्यानें सोपी करून दाखविली, आणि मार्क बिटमन ह्या लेखकानें ती नोव्हेंबर २००६ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पत्रांत प्रसिद्ध केली. तेव्हांपासून देशोदेशींच्या घरांतून हा पाव होऊं लागला. लेही यांची दुसरी युक्ति भांड्याची आहे. पाव उघड्या भट्टींत न ठेवतां आधीं कडकडीत तापविलेल्या जाड भांड्यांत झांकण घालून भाजावयाचा. पिठांतूनच निघालेली वाफ आंत कोंडते, त्यामुळें वरचें कवच लवकर ताठरत नाहीं आणि पावास फुगण्यास अवसर मिळतो. मागाहून झांकण काढलें कीं तेंच कवच खुसखुशीत होतें. भट्टीचें काम भांडेंच करीत असल्यामुळें ही रीत रानांतल्या चुलीस अगदीं मानवते.

आपला मुलूख भाताचा. तांदळाच्या पिठांत हें ग्लूटेनचें जाळें मुळींच होत नाहीं. म्हणून तांदळाच्या भाकरीस उकड काढावी लागते आणि मग ती तळहातानें रगडून मळावी लागते. तेथें पिठास बांधून ठेवतो तो शिजलेल्या सत्त्वाचा चिकटपणा. तें पीठ रात्रभर ठेवलें म्हणून मळण्यांतून सुटका होत नाहीं. मळल्यावांचून करण्याचा कोंकणचा खरा प्रकार म्हणजे पानगी. तांदळाचें पीठ, मीठ, चवीपुरता गूळ आणि पाणी किंवा दूध एकत्र कालवून, तेल लावलेल्या केळीच्या पानावर पसरावें, वर दुसरें पान घालावें आणि तव्यावर पान करपेपर्यंत दोन्ही बाजूंनीं भाजावें, एवढेंच तिचें शास्त्र. ज्या मुक्कामावर पावाइतका वेळ नसेल तेथें खुशाल पानगी करावी. केळीच्या पानाचा हा धडा मात्र ध्यानांत ठेवावा. तो आपणांस पावालाहि उपयोगी पडणार आहे.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. चार-पांच जणांस पुरेल अशा एका पावास पीठ ४०० ग्रॅम घ्यावें. निव्वळ मैदा घेतला तर पाव अधिक फुगतो. पण निम्मा मैदा व निम्मी घरची कणीक घेतली तर चव चांगली येते व पोटासहि तें बरें. निव्वळ कणकेचा पाव थोडा बसका होतो, कारण कोंड्याचे बारीक कण तें नाजूक जाळें कापतात. मीठ ८ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. आणि कोरडें यीस्ट चहाच्या चमच्याचा फक्त चौथा हिस्सा. यीस्ट अधिक घालण्याचा मोह टाळावा. येथें काम काळाकडून करून घ्यावयाचें आहे. यीस्ट अधिक झालें तर पीठ घाईनें फुगून खालीं बसतें व त्यास उग्र वास येतो. हा सारा कोरडा शिधा घरींच एका मोठ्या डब्यांत मिसळून न्यावा. डबा एवढा असावा कीं पीठ घातल्यावर त्यांत निदान तिप्पट जागा मोकळी राहील.

संध्याकाळीं मुक्कामास पोंचतांच त्यांत ३२० मिलिलिटर स्वच्छ पाणी ओतावें. निम्मी कणीक असल्यास आणखी दोन-तीन मोठे चमचे. एखाद्या लांकडी डावानें मिनिटभर ढवळावें, कोठें कोरडें पीठ राहूं देऊं नये, कीं झालें. हें मिश्रण पोळीच्या कणकेहून पुष्कळ सैल, चिकट व ओबडधोबड दिसतें. तें पाहून वरून पीठ घालण्याची इच्छा होईल, ती आवरावी. झांकण सैल ठेवावें, कारण आंत वायु धरतो. थंडीच्या दिवसांत सहा-सात वाजतां भिजविलेलें पीठ दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात-आठाच्या सुमारास तयार होतें. गडाच्या माथ्यावर किंवा घाटांत थंडी अधिक असेल तर आणखी दोन-तीन तास लागतील. चैत्र-वैशाखांत मात्र हेंच पीठ सहा-सात तासांत आंबून जातें. तेव्हां तें रात्रभर ठेवूं नये, पहांटे भिजवून दुपारीं भाजावें. घड्याळापेक्षां खुणेवर विसंबावें: पीठ दुपटीनें वर आलें, पृष्ठभागावर बुडबुडे दिसूं लागले आणि किंचित् आंबूस सुवास सुटला म्हणजे समजावें कीं काळानें आपलें काम केलें.

मग केळीच्या पानाचा मोठा तुकडा निखाऱ्यावर किंचित् शेकून मऊ करावा, त्यावर भरपूर कोरडें पीठ भुरभुरावें आणि डब्यांतील गोळा त्यावर ओतावा. हात पाण्यांत बुडवून चारी बाजूंच्या कडा मध्यावर आणून एकेक घडी घालावी. वर आणखी थोडें पीठ शिंपडून, फडक्यानें झांकून तास-सव्वा तास ठेवावें. तेवढ्यांत विस्तव करावा.

भांडें जाड लोखंडी किंवा जाड ॲल्युमिनियमचें असावें, आणि त्याचें झांकण असें सपाट असावें कीं त्यावर निखारे राहतील. तसें झांकण नसल्यास लोखंडी तवा पालथा न घालतां उताणाच भांड्यावर ठेवावा. त्याच्या खोलगट भागांत निखारे सुखानें बसतात. मातीचें मडकें ह्या कामीं वापरूं नये. रिकामें तापवून त्यांत ओलें पीठ टाकलें कीं तें तडकण्याचा संभव असतो. विस्तव आणि झांकलेलें भांडें हें आपल्या लोकांस नवें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत किनाऱ्याकडे हिवाळ्यांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यांत घालून मडक्यांत बंद करतात आणि भोंवतीं जाळ करून पाण्यावांचून शिजवितात, ती पोपटी ह्याच तत्त्वावर होते. गोव्यांतील बेबिंक तर वरून विस्तव ठेवूनच थरावर थर असें भाजतात.

रिकामें भांडें झांकणासह पंधरा-वीस मिनिटें निखाऱ्यांवर तापवावें. मग पानासकट गोळा अलगद आंत सोडावा. पान असल्यामुळें हात पोळत नाहीं आणि पाव तळास चिकटत नाहीं. निखाऱ्यांचे तीन वांटे करावे: एक वांटा खालीं, तोहि भांड्याच्या कडेकडेनें गोल पसरून, व दोन वांटे झांकणावर. नवख्यांची फसगत येथेंच होते. चुलीच्या संवयीनें ते सारा विस्तव खालीं ठेवतात, मग बूड जळतें आणि माथा कच्चा राहतो. ज्वाळा नको, निखारा पाहिजे. अर्धा तास झांकण उघडूं नये. त्यानंतर पाहावें, पाव फुगून फिक्या बदामी रंगावर आला असेल. झांकण थोडें कलतें करून वाफेस वाट द्यावी, वरचे निखारे ताजे करावे आणि आणखी दहा-पंधरा मिनिटें ठेवावें. पाव बाहेर काढून बुडावर बोटानें टिचकी मारावी. पोकळ, मृदंगासारखा नाद आला तर तो झाला; भरीव आवाज आला तर पुन्हां थोडा वेळ ठेवावा. आणि कितीहि भूक लागली असली तरी अर्धा तास तो कापूं नये. आंतील गर वाफेवर सिद्ध होत असतो, लवकर कापला तर चिकट लागतो. ताज्या पावाबरोबर घरचें लोणी किंवा लसणीची चटणी असली म्हणजे आणखी कांहीं मागावेंसें वाटत नाहीं.

विस्तव कोठें करावा ह्याविषयीं दोन शब्द कडकपणें सांगितले पाहिजेत. रायगड हें संरक्षित स्मारक आहे. तेथील वास्तूंत व पडक्या भिंतींच्या आडोशास चूल मांडणें हा नियमभंगहि आहे आणि अविवेकहि. पाचाडास किंवा पायथ्याच्या दुसऱ्या वाडीवर एखाद्या घरीं विचारून त्यांच्या अंगणांत विस्तव करावा, अथवा नदीच्या पात्रांतील उघड्या दगडांवर. जंगलांतील ओलें झाड तोडूं नये. कोळसा बरोबर न्यावा. माघापासून पुढें आमच्या डोंगरावरील गवत वाळून काडीसारखें पेटतें आणि एका ठिणगीनें सबंध उतार जळून जातो. निघण्यापूर्वीं राखेवर पाणी ओतावें, राख ढवळून पुन्हां ओतावें, आणि तळहात टेकवितां येतो कीं नाहीं हें पाहूनच पाऊल उचलावें.

आतां तो दुसरा विषय. गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरचीं व शेजारचीं मुलें असा पाव करण्यास पाचाडाकडे निघालीं, तेव्हां अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या आत्यानें हरकत घेतली. “अरे, रात्रभर भिजलेलें पीठ तें शिळेंच कीं! तें कसें खाणार?” मीं तिला सांगितलें कीं, शिळ्या अन्नाचा निषेध करणाऱ्या स्मृतींनींच त्याला अपवाद सांगितला आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत असें स्पष्ट आहे कीं, गहूं, जव आणि दूध ह्यांचे पदार्थ तूप-तेल न लावतां केलेले असले व पुष्कळ वेळ राहिलेले असले तरी खाण्यास योग्य होत. आत्याचें समाधान झालें; पण तिनें लगेच आपल्या बाजूनें आणखी एक सोय काढली. “आणि हा पाव मळायचा नाहीं ना? म्हणजे कोणाचा हात लागत नाहीं. मग चालेल.”

आत्याचें हें वाक्य हंसून सोडून देण्यासारखें नाहीं. पावाविषयीं आपल्या घरांत जी अढी होती तिचें मर्म त्यांत नेमकें आलें आहे. कोरडें पीठ कोणत्याहि दुकानचें चालत असे. तेंच पीठ पाण्यानें भिजलें कीं ज्याच्या हातचें त्याच्या जातीचें होत असे. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, त्याची भट्टी परधर्मीयांची, आणि गोव्यास तो ताडामाडाच्या सुरेनें फुगविलेला. तेव्हां तो खाल्ला म्हणजे माणूस बाटला, इतकेंच नव्हे तर विहिरींत पावाचा तुकडा पडला तर पाणी पिणारा गांवहि बाटला, अशा गोष्टी वसई-गोव्याकडे सांगत आले आहेत. म्हणूनच १८४९ सालीं मुंबईंत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर प्रभृतींनीं परमहंस सभा काढली, तेव्हां सभासद होणाऱ्याची कसोटी म्हणून ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खाण्याची व मुसलमानाच्या हातचें पाणी पिण्याची रीत ठेवली. पण सभा चाले ती गुप्तपणें. सुमारें १८६० सालीं सभासदांच्या नांवांची यादी फुटली आणि सभा मोडली. विद्वान् माणसें पावाच्या एका तुकड्यापायीं किती भीत होतीं हें त्यावरून दिसतें.

आणि आम्हां महाडकरांस दूर मुंबईस जाण्याचें तरी कारण काय? पीठ भिजवावयाचें तें पाण्यानें. आणि पाण्याचीच कथा आमच्या गांवांत घडली. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर ह्यांच्यासह सहस्रावधि लोकांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. तें तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव नगरपालिकेनें आधींच केलेला होता. तरी त्याच दिवशीं परिषदेच्या लोकांवर, ते जेवणाच्या तयारींत असतां, हल्ला झाला आणि त्यांचें अन्न मातींत मिसळण्यांत आलें. पुढें तळें ‘शुद्ध’ करण्याचाहि विधि गांवांतील लोकांनीं केला. त्याच वर्षीं २५ डिसेंबरास महाडांतच मनुस्मृतीचें दहन झालें, आणि त्या ठरावाचे सूचक गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे स्वतः ब्राह्मण होते. तळ्याचा दावा १९३७ च्या मार्चांत मुंबईच्या हायकोर्टांत सत्याग्रहींच्या बाजूनें निकालांत निघाला.

ज्या ग्रंथांतलें वचन मीं आत्यास सांगितलें त्याच ग्रंथानें माणसामाणसांत केवढें अंतर घातलें, हें महाडांत राहणाऱ्यानें तरी विसरतां कामा नये. वृद्ध माणसाशीं त्याच्या भाषेंत बोलावें एवढ्यासाठीं तें वचन. पावाची योग्यता त्यावर अवलंबून नाहीं. आणि ‘हात लागला नाहीं म्हणून हा पाव चालतो’ असें म्हणणें म्हणजे जुनाच समज नव्या भांड्यांत घालणें होय. वस्तुतः हात लागतोच. पाणी कोणी तरी आणतो, पीठ कोणी तरी ढवळतो, पानावर घड्या कोणी तरी घालतो. पाव फुगतो तो किण्वानें व काळानें. हे दोघेहि पाणी कोणी आणलें हें विचारीत नाहींत. मीं आत्यास एवढेंच म्हटलें, “आत्या, हात लागतो, एकाचा नव्हे, साऱ्यांचा लागतो.” ती कांहीं बोलली नाहीं. मात्र मुलें परत आल्यावर तिनें एक तुकडा मागून घेतला, दुधांत भिजवून खाल्ला आणि मीठ जरा कमी पडलें असा अभिप्राय दिला.

मुलांना मुक्कामास पाठविणाऱ्या गृहिणींस व गृहस्थांस माझी सूचना अशी कीं, पिठाचा डबा एकाच घरून देऊं नये. पीठ एकानें, मीठ दुसऱ्यानें, भांडें तिसऱ्यानें आणावें. पाणी भरण्याची, निखारे सांभाळण्याची व भांडीं घांसण्याची पाळी मुलगा-मुलगी असा भेद न करतां सर्वांस लावावी. घरीं चार माणसांची कणीक रोज कोण तिंबतें आणि त्यास किती श्रम पडतात, हें त्या एका सकाळीं मुलग्यांच्याहि ध्यानांत येईल. ज्या अंगणांत विस्तव केला त्या घरच्या माणसांस पावाचा पहिला वांटा द्यावा, आणि त्यांनीं भाकरी दिली तर ती तेथेंच त्यांच्या पंक्तीस बसून खावी.